मेथी आणा, गवार नको

माझी बडबड घरात कुणाला नको असते, हे आधीच सांगून टाकते. मुलगा संकेत तर तोंडावर म्हणतो, "आई, जरा श्वास घे." पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या सुनेची, अश्लेषाची आहे. मध्ये मध्ये मी येईनच, त्याला इलाज नाही.

अश्लेषा लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि पहाटे उठून पळायचं, सायकल चालवायची, पोहायचं. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. तिन्ही एकापाठोपाठ करायचं, मध्ये टेकायचं नाही. चाळिशीला आलेल्या बाईला हे खूळ कुठून लागलं कोण जाणे! पण खरं सांगते, मला कौतुकच वाटायचं. आमच्या तुळिंजच्या गर्दीतून ती सायकल काढायची आणि मी दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभी राहायची.

गेल्या वर्षी तिची पहिली स्पर्धा होती, खाली कोकणात. आमच्या सोसायटीचे शांतारामभाऊ म्हणजे उत्साहाला तोटा नाही. त्यांनी आदल्या दिवशीच गेटवर हा एवढा फ्लेक्स लावला, 'उज्ज्वल यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि इकडे ही समुद्रात थोडी आत गेली नाही तोच श्वास अडकला, हातपाय गारठले, आणि बोटीत बसून परत आली. तरणतलावात तासभर न थकता पोहणारी बाई! "आई, खाली तळच दिसत नाही हो," म्हणाली. "छातीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं." घरी आलो तर गेटवर ते अभिनंदन. रिक्षातून उतरताना तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं. शांतारामभाऊंना मी असं झापलं की त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरला.

यंदा तिने पुन्हा नाव घातलं. मला एकटीला मात्र सांगितलं, "या वेळी नाही जमलं तर सायकल विकून टाकणार. मग हा विषय बंद." ती बोलली की करते. आणि त्या सायकलीवर बसली की तिचा चेहरा काय खुलतो, ते मी रोज बघत होते.

मनातलं सांगायला माझं हक्काचं माणूस म्हणजे आग्नेस. भुईगावची. घरच्या वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसते आणि बोलण्यात मला तोडीस तोड. सगळं ऐकून म्हणाली, "आशाताई, आमच्या वाडीत बावखल आहे ना! घेऊन ये तिला." बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पाणी हिरवंगार, तळ दिसायचं नाव नको. मी विचारलं, "तुला येतं पोहायला?" "छे गं! मी काठावर बसून धुणं धुणारी."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आग्नेस आली ती हातात दोन सुके नारळ घेऊन, दोरीने जोडलेले. त्यांच्याकडची पोरं ते पाठीला बांधून पोहायला शिकतात. अश्लेषा हसली. "मावशी, मला पोहता येतं."

"मग घाबरतेस कशाला? बांध गुपचूप."

बांधले म्हणून बरं. मधोमध गेली आणि थांबली. डोळे विस्फारलेले, श्वास वरच्या वर. काठावर आम्ही दोघी, आणि पोहायच्या नावाने दोघींची बोंब! माझी पाचावर धारण बसली. आणि घाबरले की मी काय करते? बोलते. तोंडाला येईल ते बोलले, "अगं अश्लेषा, उद्या भाजी काय आणू? गवार आणू?"

मग बारीक आवाज आला, "गवार नको."

"मग?"

"मेथी आणा."

"आणि निवडणार कोण?"

"संकेत."

आग्नेस खो खो हसत सुटली आणि पाण्यातली बाईही हसली. हसली, उताणी झाली, पडून राहिली आणि हळूहळू हात मारत काठाला आली. घरी आल्यावर तिच्याच लक्षात आलं. बोलायचं म्हटलं की श्वास बाहेर सोडावाच लागतो. ती भीतीने नुसता आत घेत होती.

मग दर रविवारी तेच. ती पाण्यात, आम्ही काठावर, आणि भाजीबाजार चालू. पुढे नारळ सुटले. आग्नेसला काही देऊ केलं तर रागवायची, वर आम्हालाच केळी बांधून द्यायची. तिचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

स्पर्धेला ती आली नाही, रविवार होता. "मिस्सेला तुझ्या सुनेसाठी मेणबत्ती लावते," म्हणाली. किनाऱ्यावर मी आणि संकेत. समुद्रात सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या. पण एक टोपी थांबली आणि मी ओळखलं. बचावाची होडी तिच्याकडे वळली. मी ओरडले, पण एवढ्या लांब कुठे पोचतंय? जन्मात पहिल्यांदा माझा आवाज कमी पडला.

होडी तिथेच घुटमळली. आणि मग ती टोपी पुढे निघाली! जवळजवळ शेवटी बाहेर आली, लटपटत, माझ्याकडे बघून हात हलवला आणि धावली सायकलीकडे. सगळी स्पर्धा पुरी केली माझ्या पोरीने.

नंतर होडीवरचे गृहस्थ आम्हाला शोधत आले. "त्या बाई तुमच्याच ना? मी हात पुढे केला, तर माझ्याकडे बघेनात. आभाळाकडे बघून बोलत होत्या, 'आई, मेथी आणा. गवार नको. संकेत निवडेल.' मला वाटलं, झालं, यांचं डोकं फिरलं!" संकेत पोट धरून हसला. मी तिथेच वाळूत बसून रडले.

काल आग्नेसकडून मेथी आणली. पैसे घेईना, मीही ऐकेना. संध्याकाळी संकेत निवडायला बसला आणि मी त्याला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तो सवयीने म्हणाला, "आई, जरा श्वास घे."

स्वयंपाकघरातून अश्लेषा ओरडली, "बोलू दे रे त्यांना!"