पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

अख्ख्या वऱ्हाडात आपल्या नातेवाइकांचा माझ्या साडूइतका पद्धतशीर वापर दुसऱ्या कुणी केला नसेल. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारा हा गणिताचा मास्तर. मुलीला अमेरिकेत शिकायला जायचं होतं आणि त्यासाठीच्या परीक्षेत अवघड इंग्रजी शब्द विचारतात, एवढं कळल्यावर त्याने ते खातं स्वतःकडे घेतलं. स्वतःचं इंग्रजी कच्चं असल्याने त्याला कसलाही संकोच नव्हता. "शब्द इसरते भाऊ, माणूस नाही इसरत," तो मला म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला एकेक नातेवाईक नेमून दिला. घरात लग्नपत्रिकांची थप्पी होती. ज्याची पत्रिका, त्याच्याच अवगुणाचा शब्द पाठीमागे. चिकट, हेकट, लोचट, सगळ्यांची सोय झाली. मुंज झालेल्या पोरांनाही त्याने सोडलं नाही. माझ्या पत्रिकेमागे काय आहे, हे त्याने सांगितलं नाही. मीही फार आग्रह केला नाही. अडला तो एकाच शब्दावर: लॅकोनिक, म्हणजे मोजकं बोलणारा. दोन्ही घराण्यांत तसा माणूस सापडेना. त्या शब्दाच्या पत्रिकेमागे नावाची जागा रिकामीच राहिली.

परीक्षेला आठ दिवस असताना धामणगावला एक साखरपुडा होता. साडू तिथेही पत्रिकांची पिशवी घेऊन आला आणि मुलीला कोपऱ्यात बसवून घोकून घेऊ लागला. त्याची थोरली बहीण तिथून चालली होती. तिला आपल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका दिसली. "बाप्पा, अजून जपून ठेवली काय रे तू?" तिचे डोळे भरून आले. तिने पत्रिका उलटवली. मागे मराठी अक्षरांत लिहिलं होतं: गॅर्युलस, तोंड न थांबणारी, पाहा धामणगावची ताई.

"मी काय जास्त बोलते?" असं विचारून ती जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बोलत होती. शेवटी तिने अकोल्याचा उंबरठा चढणार नाही असं जाहीर केलं. मुलगी रडकुंडीला आली. "पप्पा, आता तो शब्द पाहिला का आत्याच दिसते मले." साडूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तेच तं पायजे."

नागपूरला परीक्षा देऊन ती बाहेर आली, तेव्हा मीही फाटकापाशी होतो. "आत्या आलती, पप्पा," ती म्हणाली. "सोडवली."

मुलगी अमेरिकेला गेली. बहीण वर्षभराने घरी आली आणि राहिलेलं सगळं बोलून गेली. परवा मी अकोल्याला गेलो, तेव्हा साडू फोनवर होता. "जेवली काय? थंडी हाये काय तिकडं?" पलीकडून दोनदा 'हो' आलं, मग 'ठेवते पप्पा'. फोन टेबलावर ठेवून तो पाणी आणायला आत गेला. शेजारी एकच पत्रिका पडली होती. लॅकोनिकच्या खालची रिकामी जागा भरली होती. अक्षर त्याचंच होतं, नाव मुलीचं.