दोनशे चोपन्न

संमेलन दुसऱ्या दिवशी होतं आणि माझ्या यादीत एकच काम उरलं होतं, ते म्हणजे बाजा. दर्यापूरच्या आमच्या शाळेला भेट मिळालेला हा यूएसबीचा बाजा, म्हणजे संगणकातून सूर काढणारा कीबोर्ड, लिनक्सच्या संगणकाला जोडला, की नुसता टीं-टीं करायचा. मुलींचा नाच त्यावरच होता. कोणीतरी मला बाजा-संगणकासकट अकोल्याला एका चाचांकडे पाठवलं. ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि फावल्या वेळात संगणकाचे प्रोग्रामही लिहायचे.

"यंदा पंप कोणी आणूनच नाई राहिलं, बाई. बाज्याले येळच येळ आहे," ते म्हणाले.

मग एकेक पट्टी दाबायची आणि पडद्यावर उमटलेला आकडा पुठ्ठ्यावर लिहायचा, असं सुरू झालं. दर आकड्याला पेन्सिल कानामागून निघायची आणि परत कानामागे जायची.

"पाहा, सा दाबला तं साठ. याद ठेवाले किती सोपं!"

पण बाज्याला हात न लावताही एक आकडा सारखा येत होता, दोनशे चोपन्न. चाचा हसायला लागले.

"हे नुसतं 'मी आहो, मी आहो' म्हणून राहिलं. आमचे सासरे ओसरीत बसल्या बसल्या खोकलतात, तसं. तुमचा कंप्युटर खोकल्यालेच सूर समजून वाजवते."

"मग काय करायचं?"

"आयकाचं. उठाचं नाई."

त्यांनी बाज्याच्या प्रोग्राममध्ये, दोनशे चोपन्न आला तर वाजवू नको, एवढी एक ओळ घातली आणि टीं-टीं थांबली. नाच झकास झाला.

चाचांचं नाव विचारणं यादीत नव्हतं, म्हणून राहून गेलं. हल्ली आमचे हे पेपराआडून उगाच खाकरले, की मी चहा ठेवायला उठत नाही. मनात दोनशे चोपन्न म्हणते आणि बसून राहते.