मोकळा हात

सासूचं आणि माझं कधी पटलं नाही. आता ती गेली म्हणून मी तिचे गोडवे गाणार नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि मिरजेला डायलिसिस सुरू झालं. मानेत घातलेल्या नळीतून रक्त काढायचे. त्या नळीपायी सारखी हुडहुडी भरायची, ताप यायचा. म्हणून डॉक्टरांनी डाव्या मनगटाजवळ धमनी शिरेला जोडून दिली. शीर फुगून जाड झाली की सुई तिथंच टोचायची. उजव्या हाताच्या शिरा सलाईननं कधीच वाया गेलेल्या. हा जोड बंद पडला असता तर माझं काही खरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "टाके निघाले की चेंडू दाबत राहा, आणि हा हात मोकळा ठेवा."

कडेगावला घरी आल्यावर मी सोप्यात बसून रबरी चेंडू दाबायची. जोडावर बोट ठेवलं की आतली बारीक घरघर बोटाला लागायची, म्हणजे जोड चालू; मग जिवात जीव यायचा. सासू जाता-येता म्हणायची, "भाकरी थापाय हात उठंना, चेंडू खेळाय बरा उठतोय." मी दातओठ खात दाबत राहायची.

पण तिला खरी मिरची झोंबली ती 'मोकळा हात' या शब्दाची. आमच्याकडं मोकळा हात विधवेचा. डॉक्टरांना म्हणायचं होतं, हातावर काही आवळू नका. हिनं ऐकलं, सुनेच्या बांगड्या उतरवा. "माझा ल्योक जिता हाय अजून," म्हणत तिनं सणाला कासारणीला घरी बोलावलं. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, माझ्या अंगात त्राण नव्हतं. दोघींनी हात धरला आणि घट्ट हिरवा चुडा थेट जोडावर चढवला. नवरा दारातच उभा होता. म्हणाला, "भर की. आईच्या मनासारखं होऊ दे."

संध्याकाळी बोट ठेवलं तर घरघर पार मंदावलेली. मी सासूचाच अडकित्ता घेतला आणि एकेक बांगडी तोडली. तिनं ऊर बडवून घेतला, "अवदसा, माझ्या लेकाच्या जिवावर उठली."

"आवं आत्याबाई, तुमचा ल्योक धडधाकट हाय. मराय टेकलीया ती मी."

हळूहळू घरघर परत आली. नवऱ्यानं काचा गोळा केल्या, आईला पाणी दिलं, तिची समजूत काढत बसला. माझा हात चालू आहे का बंद पडला, हे बघायला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही.