रिपोर्ट नॉर्मल

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले आणि माधवनगरच्या एका खाजगी शाळेत शिकवू लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दुसऱ्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि मला जोराचे जुलाब लागले. डॉक्टरांनी जोरदार कॅप्सूल दिल्या. आठवड्यात जुलाब थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. जेवले की मुरडा यायचा, पोट फुगायचं, कधी धावावं लागेल याचा नेम नसायचा.

शाळेत बायकांसाठी एकच संडास, तोही मैदानापलीकडे. मुलांना पाढे लिहायला सांगून मी निघायचे. एकदा मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "बाई, तुमचा तास नक्की कुठे असतो?" सगळे हसले. त्यानंतर शाळेच्या दिवशी मी सकाळी खाणंच सोडलं.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. मनाचं आहे." घरात मग तेच चालू झालं. सासूबाई पोळ्या लाटताना म्हणायच्या, "कामाच्या वेळीच बरं दुखतं हिचं पोट." नवरा गप्प जेवत राहायचा. मला त्याचं गप्प बसणंच जास्त लागायचं. तिसऱ्या वर्षी मी राजीनामा दिला. थांब, असं कुणी म्हणालं नाही.

चार-पाच वर्षांनी नवऱ्याबरोबर एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "त्या जुलाबांच्या आधी हा त्रास होता?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही म्हटलं.

"आतड्यात असंख्य जंतू राहतात, बरेचसे आपल्या उपयोगाचे," त्या म्हणाल्या. "मोठ्या जुलाबांनी, कधी औषधांनीही, त्यांची घडी विस्कटते. काहींची ती नीट बसत नाही आणि आतडी हळवी होतात. तुमचं तसंच झालं असावं. यातलं अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुम्ही ढोंग करत नाही, एवढं नक्की."

मी त्यांच्या टेबलापुढेच रडले.

परतताना स्कूटरवर नवरा म्हणाला, "म्हणजे खरंच दुखत होतं तर." घरी त्याने आईला सांगितलं. "जंतू काय, सगळ्यांच्याच पोटात असतात," त्या म्हणाल्या आणि भाजी काय करायची ते विचारू लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या पथ्याने पोट बरंचसं वळणावर आलं. मी शाळेत विचारायला गेले, तर जागा केव्हाच भरली होती. नवऱ्याने तेही गप्प राहूनच ऐकलं.