इडा क्रॅबट्रीचं कार्ड

हॅकरशॉच्या मजूर क्लबात इडा क्रॅबट्री एकोणीस वर्षं पियानो वाजवत होती, आणि त्यातली शेवटची चार वर्षं ती तिथे पाहुणी होती. ऐकून कुणाला हसू येईल. येऊ दे. आमच्या यॉर्कशरमधल्या खाणीच्या गावात तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

क्लबाची रीत साधी होती. सभासद म्हणजे पुरुष, सभासदत्वाचं कार्ड त्यांच्याच नावाचं. बायकोने शनिवारी संध्याकाळी चांगली टोपी घालून नवऱ्याच्या हाताला धरून यावं, लेमनेड घातलेली पोर्ट वाइन घ्यावी, बिंगोच्या तिकिटावरचे आकडे खोडावेत आणि घरी जावं. नवरा नसेल तर दारातल्या टेबलावर पाहुण्यांची वही असायची. त्यात डावीकडे बाईचं नाव, उजवीकडे तिच्यासाठी सही करणाऱ्या सभासदाचं. त्या सहीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

इडाचा नवरा वॉल्टर तीस वर्षं जमिनीखाली कोळसा फोडत होता. त्या धुळीनेच त्याची छाती खाल्ली, आणि एकसष्टच्या फेब्रुवारीत तो गेला. अंत्यविधीनंतरचा चहा आणि हॅमची पानं क्लबातच मांडली होती, सगळा गाव जेवून गेला. पुढच्या शुक्रवारी इडा नेहमीसारखी गाण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन क्लबाच्या दारात आली. दारावर ज्यो थ्वेट्स बसायचा, खाणीत वॉल्टरच्या शेजारी काम केलेला. तो खाली मान घालून म्हणाला, "इडा, पोरी, वॉल्टरचं कार्ड बंद झालं गं. मी सही करतो, तू जा आत."

इडाला वाटलं, आजच्यापुरतं असेल. ते आजच्यापुरतं चार वर्षं चाललं. शुक्रवार, शनिवार आणि रविवारची दुपार, आठवड्यातून तीनदा ती वहीपाशी थांबायची आणि कुणीतरी सही करायचं. बहुतेक वेळा ज्योच. ती कधी बोलली नाही. पण त्या वहीत आपलं नाव डाव्या बाजूला उतरताना पाहिलं की ती आत जाऊन पियानोवर जरा जोरातच बोटं आपटायची.

आणि वाजवायची कसली! दर आठवड्याला नवे कलाकार यायचे: गाणारे, विनोद सांगणारे, कुत्र्यांकडून नाच करवणारे, एक तर करवतीवर धून वाजवणारा. कार्यक्रमाआधी अर्धा तास यायचं, आपल्या गाण्याच्या स्वरलिपीचे चुरगळलेले कागद पियानोवाल्याच्या हातात कोंबायचे आणि देवावर हवाला ठेवायचा. त्या कागदांना धंद्यात 'ठिपके' म्हणतात. बिअर सांडलेले, शाई पसरलेले, निम्मं पान फाटलेले ठिपके इडा एका नजरेत वाचायची. गाणारीला सर्दी असली तर न सांगता सूर खाली आणायची. विनोद आपटला तर दोन पट्ट्या अशा दाबायची की लोक हसून मोकळे व्हायचे. हॅकरशॉच्या प्रेक्षकांना कलाकार टरकून असत, पण हॅकरशॉच्या पियानोसाठी ते खुशीने येत.

पासष्ट साल उजाडलं तोवर सगळंच बदललं होतं. लिव्हरपूलच्या लांब केसांच्या पोरांनी जग डोक्यावर घेतलं होतं, आमच्याकडेही गल्लीगल्लीत गिटारी वाजत होत्या आणि घरोघरी टीव्ही आला होता. क्लब ओस पडेल ही धास्ती सगळ्यात जास्त कार्यक्रम सचिव क्लेम आक्रॉइडला. कलाकार ठरवायचे आणि माइकवरून त्यांची नावं पुकारायची हे त्याचं काम. पण माइक हातात आला की लोक आपल्यालाच ऐकायला आलेत असं त्याला वाटायचं. एकदा एक बाई वरच्या सुरावर टेकलेली असताना याने मध्येच पुकारलं, शांतता राखा, बिंगोची तिकिटं संपत आलीत. असा हा क्लेम.

क्लेमने कमिटीच्या गळी उतरवून विजेचा ऑर्गन आणला. पट्ट्यांच्या दोन ओळी, लाल-हिरवे दिवे, पायाखाली पेडलं. आणि वाजवायला आणला आपल्याच बायकोचा, मेव्हिसचा भाऊ नॉर्मन. दिवसा सतरंज्या विकायचा, संध्याकाळी चमचमता कोट घालून ऑर्गनवर बसायचा. कानाने तीन-चार धुना छान वाजवायचा, लोकांना दिवेही आवडले. कानामागून आला आणि तिखट झाला.

इडाला तोंडावर 'येऊ नकोस' म्हणायची क्लेमची छाती झाली नाही. त्याने ज्योला आणि बाकीच्यांना बजावलं की यापुढे तिच्यासाठी सही करायची नाही. एका शुक्रवारी ती आली, वहीपाशी थांबली. ज्यो आपल्या बुटांकडे बघत राहिला. पावसाची भुरभुर चालली होती. एकोणीस वर्षं तिच्या पियानोवर ज्यांची लग्नं लागली, ज्यांच्या पोरींची बारशी झाली, ते एकेक करून "काय इडा, बरी आहेस ना?" म्हणत आत गेले. सहीला कुणी हात लावला नाही. अर्धा तास उभी राहून ती घरी परतली. पियानो गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं, कारण वय झालं की खुर्ची सोडावीच लागते. पण तो दारातला अर्धा तास तिच्या घशाखाली उतरेना. तीन आठवडे ती क्लबाच्या रस्त्याने गेली नाही.

मग आला सप्टेंबरमधला तो रविवार. वर्षातून एकदा आसपासच्या तीस क्लबांचे कार्यक्रम सचिव एका क्लबात जमतात, एकामागून एक कलाकार बघतात आणि पुढच्या वर्षाच्या डायऱ्या तिथेच भरतात. यंदाचा मान हॅकरशॉचा होता. क्लेमने नवा टाय घेतला होता. कलाकारांत सगळ्यांचं लक्ष होतं कार्डिफच्या कोरल डेनवर. ती अकरा वाजता आली आणि नॉर्मनच्या हातात सोळा पानांचे ठिपके ठेवले. नॉर्मनने ते आधी उलटे धरले, मग सुलटे, मग त्याला घाम फुटला.

"यातलं तुम्हाला नेमकं काय वाजवता येतं?" कोरलने विचारलं.

"सुरुवात," नॉर्मन म्हणाला.

कोरलने आपली बॅग बंद केली. ठिपके वाचणारा माणूस बारापर्यंत आणा, नाहीतर मी परत गाडीत बसते, एवढंच ती म्हणाली. बाकीच्या कलाकारांनीही माना डोलावल्या.

इडा स्वयंपाकघरात यॉर्कशर पुडिंगचं पीठ फेटत होती, तेवढ्यात पुढचं दार वाजलं. आमच्याकडे शेजारीपाजारी मागच्या दाराने येतात. पुढच्या दाराने येतो तो डॉक्टर, नाहीतर जाते ती शवपेटी. इडाने हात पुसत दार उघडलं तर क्लेम, टोपी हातात घेऊन उभा. त्याने सगळं एका श्वासात सांगितलं आणि शेवटी म्हणाला की आज क्लबाची अब्रू तुझ्या हातात आहे. इडाने ॲप्रन काढला, चांगला कोट चढवला, टोपीला पिन लावली आणि निघाली. क्लेमला वाटलं, जिंकलो.

बाराला दहा मिनिटं होती. क्लबाच्या दारात ज्यो होता, टेबलावर वही होती. क्लेमने घाईघाईने पेन उचललं. इडाने वहीवर आपला तळहात ठेवला.

"नाही, क्लेम."

"नाही म्हणजे? अगं, मी सही करतोय. मी स्वतः!"

"चार वर्षं दुसऱ्याच्या नावाने आत गेले. आता जाईन तर माझ्या नावाने. मला कार्ड दे. नाहीतर मी इथेच उभी राहते. उभं राहायची सवय तूच लावलीस मला."

क्लेमचा चेहरा पडला. बायकांना कार्ड नियमात बसत नाही, तो म्हणाला. तेव्हा ज्योने टेबलाच्या खणातून नियमांचं पुस्तक काढलं. कित्येक वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. ज्योने बोट ठेवून वाचलं: गावात राहणारी कुणीही सज्ञान व्यक्ती, एक सुचवणारा, एक अनुमोदन देणारा आणि कमिटीचं बहुमत. बायकांना मनाई कुठेच नव्हती. आमच्या आजोबांनी ते नियम लिहिले तेव्हा एखादी बाई कधी कार्ड मागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, मग मनाई लिहिणार कोण? आणि पुढच्या सत्तर वर्षांत सगळ्यांनी धरूनच चालवलं की लिहिलेलं असणार.

क्लेमने शेवटची काडी धरली. नाव आठ दिवस फलकावर लावावं लागतं, म्हणाला.

"रग्बीचा तो नावाजलेला खेळाडू गावात राहायला आला, तेव्हा किती दिवस लावलं होतं?" इडाने विचारलं. "तळघरात कमिटी जमली आणि त्याचा पहिला ग्लास संपायच्या आत त्याच्या हातात कार्ड. त्याच्या स्वागताची धून मीच वाजवली, क्लेम. वहीत पाहुणी म्हणून नाव लिहून."

ज्योने घसा साफ केला. "मी सुचवतो तिचं नाव. त्या शुक्रवारीच करायला हवं होतं मी. लाज वाटते मला."

कमिटी तळघरात बिअरच्या पिंपांमध्ये उभ्या उभ्या जमली. खजिनदार म्हणाला, आज एक बाई घेतली तर उद्या स्नूकरच्या टेबलाचं कापड फाटेल. का फाटेल हे त्याला सांगता आलं नाही, पण दोघांना ते पटलं. म्हातारा विल्फ चिडून म्हणाला, कापड गेलं खड्ड्यात, माझं अनुमोदन आहे. हात वर झाले. बाजूने तीन, विरुद्ध तीन. राहिला क्लेम.

वर दारात इडा एकटी उभी होती. बाहेरून कडक दिसत होती, पण मनात हिशेब चालला होता. हे नाही म्हणाले तर संपलंच. मग पुन्हा या रस्त्याने येणं नाही, चार माणसांसमोर वाजवणं नाही, उरलेलं आयुष्य स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत काढायचं. सही घेऊन गेले असते तर आता पियानोवर असते, हेही तिच्या मनात आलं. पण वहीवरचा हात तिने काढला नाही.

खाली क्लेमच्या डोक्यावर तीस सचिवांचे पाय वाजत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. याला तर नुसता हात वर करायचा होता, तरी तो मणभर जड झाला. बाराला दोन मिनिटं असताना तो हात वर गेला.

कार्डावर 'मिस्टर' छापलेलं होतं. इडाने ज्योचं पेन घेऊन ते खोडलं, खाली आपलं नाव लिहिलं आणि आत गेली.

त्या दुपारी जे तिथे होते ते अजून त्याबद्दल बोलतात, आणि जे नव्हते ते त्याहून जास्त बोलतात. कोरल डेनची सोळा पानं इडाने अशी वाजवली की जणू तिनेच लिहिली असावीत. कोरल शेवटच्या ओळीवर आली तेव्हा खाणीतले दांडगे बाप्ये ग्लास टेबलावर ठेवायचे विसरले होते. मग आली चार गिटारवाली पोरं. त्यांच्याकडे ठिपकेच नव्हते. इडाने विचारलं, कुठल्या सुरात? त्यांना तेही माहीत नव्हतं. वाजवा रे, मी पकडते, ती म्हणाली. आणि पकडलं! डाव्या हाताने असा ठेका धरला की म्हातारा विल्फ काठी आपटायला लागला, आणि पोरं तिच्याकडे बघत दुप्पट जोराने सुटली. छप्पन वर्षांची इडा, टोपीची पिन सुटलेली, केस कपाळावर आलेले, हसत होती. वॉल्टर गेल्यापासून तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी सगळा हॉल उभा राहिला. आमच्या क्लबात लोक उभे राहतात ते राणीच्या राष्ट्रगीताला, आणि तेही कुरकुरत. डायऱ्या भरल्या. क्लेमने माइक घेऊन आभार मानले आणि पहिल्यांदाच दोन वाक्यांत आटपले. नॉर्मन टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्या रविवारी पावणेबाराला इडाने ज्योला कार्ड दाखवलं. आत जाणार, तोच मागून कुणीतरी हाक मारली. क्लेमची बायको मेव्हिस होती, लग्नात घालायची निळी टोपी घालून. रविवारच्या दुपारी आमच्या गावातली बाई घरात ओव्हनसमोर असते, कारण नवरा दोनला क्लबातून आला की ताट तयार लागतं. सव्वीस वर्षांत मेव्हिसची एकही दुपार चुकली नव्हती.

"इडा," ती हळूच म्हणाली, "सभासदाला पाहुणी आणता येते ना गं?"

इडाने वही ओढली. डावीकडे लिहिलं, मेव्हिस आक्रॉइड. उजवीकडे लिहिलं, इडा क्रॅबट्री. अक्षर ठळक काढलं.

क्लेम माइकपाशी उभा होता. आपली बायको पहिल्या टेबलाशी येऊन बसली, हातमोजे काढून तिने समोर ठेवले, हे त्याने पाहिलं. तो माइक हातात धरूनच बोलला, त्यामुळे ते सगळ्या हॉलने ऐकलं.

"मेव्हिस! आणि घरी मटण?"

"ओव्हनमध्ये आहे," मेव्हिस म्हणाली. "एक वाजता काढायचं. बटाटे तेवढे उलटून टाक."

क्लेमने इडाकडे पाहिलं. इडाने ठिपक्यांचं पान उलटलं. मग त्याने माइक विल्फच्या हातात दिला, खुंटीवरची टोपी घेतली आणि तो घरी गेला.