कोमळम मामींचं सोवळं

आमच्या कॉलनीत कोमळम मामींना फार मान होता, आणि त्या मानानंच त्यांचा घात केला, हे मी आता स्पष्ट सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर काही उपयोग झाला असता. पण तेव्हा मीही मान देणाऱ्यांतलीच होते.

१९९३ साली त्या देवासला आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहायला आल्या. त्यांचे यजमान शेषाद्री म्हणजे गिअरच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचे, अरविंदचे, साहेब. माणसं तंजावरकडची. पण देवासला दक्षिणेकडचा कुणीही मद्रासीच. कॉलनीत अर्धी घरं नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांची, बाकीची माळव्यातली. तमिळ बोलणारं घर हे एकच. मामींच्या आजोळी शेजारी जुनी मराठी घरं होती, म्हणून त्यांना मोडकंतोडकं मराठी येई. हिंदी त्याहून मोडकं.

मामी दिवसभर धुवत असत. घासलेली भांडी पुन्हा घासत, मग नळ धूत, नळाला हात लागला म्हणून हात धूत, आणि हात धुताना नळ विटाळला म्हणून पुन्हा नळ. दाराची कडी कोपरानं सरकवत. साड्या आतल्या उंच दांडीवर काठीनं वाळत घालत, कुणाचा स्पर्श नको म्हणून. माझ्या सासूबाईंनी, उमाबाईंनी, हे मागच्या भिंतीवरून दोन दिवस पाहिलं आणि त्या धन्य झाल्या. त्यांचं माहेर धारच्या संस्थानी उपाध्यांचं. सोवळ्यापायी त्यांनी माझा जीव नकोसा केला होता. तमिळ ब्राह्मणांतही सोवळं असतं, त्याला ते मडी म्हणतात, एवढं कळल्यावर त्यांना जन्माची मैत्रीण मिळाली.

“शिका जरा,” मला म्हणाल्या. “मद्राशीण असून आपल्यापेक्षा कडक आहे हो.”

रोज दुपारी सासूबाई मागचं दार उघडून भिंतीपाशी खुर्ची टाकत. पलीकडे मामी उभ्या. एकादशी, लोणची, श्राद्धाचा स्वयंपाक, तुमच्याकडे कसं, आमच्याकडे कसं. निम्मं एकमेकींना कळत नसावं. तरी तास तास चाले.

त्या वर्षांत देवासला पाण्याची बोंब होती. टँकर एक दिवसाआड येऊन घरोघरच्या टाक्या भरी, आणि बादलीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी असत. तरी सासूबाईंच्या हुकुमानं आमच्या पाण्यातल्या दोन कळश्या मामींकडे जात. पुण्य लागतं म्हणे. पोचवायचं काम माझ्याकडे. एकदा मामींचे हात जवळून पाहिले. पेरांना भेगा पडलेल्या, तळव्यांची साल निघालेली.

“जयवंती,” त्या म्हणाल्या, “मला धुवायचं नाही. हात ऐकत नाही.”

मी म्हणाले, “तुमच्यासारखी भक्ती आम्हाला कुठली जमायला, मामी.” आणि कळशी ठेवून आले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१९९५च्या दिवाळीत बातमी आली. मामींच्या मुलीला, पद्मजाला, दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे देवासला होणार होतं. मामी आपणहून मला सांगायला आल्या. “बाळ येणार. मला घ्यायचं आहे. मांडीवर.” मग हळूच म्हणाल्या, “पद्मजा आठवीत होती, तेव्हापासून तिला हात लावला नाही.” मला वाटलं, देवाधर्मात असं होतं कधी कधी.

आणि संक्रांतीच्या सुमाराला मामी बदलल्या. त्यांचा नळ दहाच्या आत बंद होऊ लागला. हातांच्या भेगा भरत आल्या. आमच्या हळदीकुंकवाला दरवर्षी त्या दारातच उभ्या राहत, तिळगूळ पदरात घेत आणि जात. त्या वर्षी आत आल्या, चार बायकांत सतरंजीवर बसल्या, तिळगूळ हातात घेऊन तिथल्या तिथे खाल्ला. आमच्या कपातून चहा प्यायल्या.

सासूबाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “सोवळं वाळत टाकलंत वाटतं, कोमलबाई?”

बायका हसल्या. मीही हसले. मामीही थोड्या हसल्या, पण चहा अर्धाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी दुपारी मागचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. बाटली म्हणे ती. मामी भिंतीपाशी येऊन उभ्या राहत, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. पंधरा दिवस असं चाललं. मग एका सकाळी त्यांचा नळ सुरू झाला तो दुपारपर्यंत थांबला नाही. “आली ताळ्यावर,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

चैत्रात पद्मजाला मुलगा झाला. पहिले अकरा दिवस सोयर, त्यामुळे आजीनं बाळाला घेतलं नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. बाराव्या दिवशी पद्मजानं बाळ पुढे केलं. मामींनी हात पसरले, बाळाच्या दुपट्यापर्यंत नेले, आणि मागे घेऊन न्हाणीघरात गेल्या. आम्ही वाट पाहत बसलो. आत पाणी पडतच राहिलं. बाळ रडून रडून आईच्या खांद्यावर झोपलं. सव्वा महिन्यानं पद्मजा सासरी गेली, ती पुन्हा मुलाला घेऊन आली नाही. मामींनी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

सासूबाई २००१ साली गेल्या. २००४ मध्ये शेषाद्री निवृत्त झाले आणि दोघं तंजावरकडे परत निघाली. निघण्याच्या दिवशी मी डबा द्यायला गेले. सामान गेलेलं, घर रिकामं. शेषाद्री आपणहून बोलायला लागले, बहुधा आता जायचंच आहे म्हणून.

“इंदौर के डॉक्टर को दिखाया था, उस साल, दिवाली के बाद। बोले, ये दिमाग की बीमारी है, भगवान का इसमें कुछ नहीं। गोली से अच्छी हो रही थी। संक्रांत के बाद एक दिन सारी गोलियाँ नाली में डाल दीं। मैंने बहुत पूछा। किसी को बता भी नहीं सकता था, लोग पागल बोलते।”

बाहेर मामी रिक्षात बसल्या होत्या, हात मांडीवर, तळवे वर. मी त्यांच्याजवळ गेले.

“मामी, त्या दिवशी सासूबाई वेडंवाकडं बोलल्या. मीही हसले. तुम्ही आमचं ऐकायला नको होतं. बाळासाठी तरी.”

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “भाभीजी, गाड़ी का टेम हो रिया है।”

मामी माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही.

“बोलल्या त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “नंतर बोलायच्या थांबल्या. पंधरा दिवस दार बंद. गोळीनं हात ऐकत होता, जयवंती. पण दुपारी बोलायला कोण? त्या सोडून माझं इथे कोण होतं?”

माझ्या तोंडाशी आलं, ‘मी होते ना.’ ते खोटं होतं, म्हणून म्हटलं नाही.