बेलाला घातलेलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात पार्वतम्मा सारणगावला नांदायला आली आणि सासूनं दुसऱ्याच दिवशी तिच्या डोक्यावर घागर दिली. पाणी कोसभर लांब. त्यातलं अर्धं घरात, अर्धं महादेवाच्या देवळामागच्या बेलाला. माणसाच्या घशाला कोरड आणि झाडाचे लाड, असं तिच्या ओठावर यायचं. पण नवी सून, गिळून टाकायची.

बेलाला कारण होतं. विधानसभेचा मतदारसंघ सारणगावच्याच नावाचा, म्हणून प्रत्येक उमेदवार प्रचाराचा नारळ इथं फोडायचा. तिचा नवरा शरणप्पा देवळाचा पुजारी. नारळ फुटला की तो उमेदवाराला बेल आणि भंडारा हातात देऊन शपथ घ्यायला लावायचा, की निवडून आलो तर गावाला तलाव बांधीन. कोण येईल याचा नेम नाही, म्हणून सगळ्यांकडूनच शपथ. शरणप्पाला ही आपली मोठीच हुशारी वाटे. निवडून आलेला पाच वर्षं फिरकत नसे आणि पडलेला सुटलो म्हणे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावानं साखर वाटली. पण तलावाचे कागद म्हणे जुन्या जिल्ह्यातच राहिले. पार्वतम्माच्या डोक्यावरची चुंबळ काही उतरली नाही. पोरी सासरी गेल्या, मान आखडली, विहीर आटली की टँकरमागं धावणं आलं. निवडणूक जवळ आली की शरणप्पा विचारायचाच, "बेलाला पाणी घालायलीस न्हवं? कवळी पानं लागतील."

मग मतदारसंघ नव्यानं आखले. सारणगावचं नाव पुसलं, गाव शेजारच्या औशाच्या मतदारसंघात गेलं. त्या निवडणुकीतही शरणप्पा धुतलेलं धोतर नेसून, बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन सकाळपासून देवळाच्या पायरीवर बसला. जीपगाड्या भोंगे वाजवत सडकेनं सरळ औशाकडं गेल्या.

दुपारी पार्वतम्मा घागर घेऊन आली. त्याला बघून राग यायला हवा होता, आली कीव.

"येतेत की," तो म्हणाला. "लांबून यायलेत."

"न्हाई येत आता. त्यांचं हितं काय अडलंय?"

ती सवयीनं बेलाकडं वळली, थांबली, आणि माघारी येऊन घागर त्याच्या पुढ्यात ठेवली.

"प्या," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून आज पहिल्यांदा अख्खी घागर घरची हाय."

शरणप्पानं ताट खाली ठेवलं आणि ओंजळ पुढं केली.